शुभेच्छुकांत नसलेले मुजावर सर

मुजावर सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. आमच्याकडे त्याला डिजिटल म्हणतात. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', कोपऱ्यात छापील समई, आणि मधोमध सर. फोटो कुठल्याशा बक्षीस समारंभातला असावा, कारण त्यात ते हसत होते आणि गळ्यात शिट्टी नव्हती. खाली 'शोकाकुल' म्हणून तालमीच्या सगळ्या थोरामोठ्यांचे चेहरे ओळीनं लावलेले, आणि त्या ओळीत सगळ्यात मोठा चेहरा काळा गॉगल लावलेल्या एका तरुणाचा. मी शाळेला निघाले होते. तिथंच थांबले आणि मनात म्हटलं, सर, आता स्टूल कोण आणणार?

माझा हा प्रश्न कळायचा तर आधी सर कळले पाहिजेत.

दस्तगीर मुजावर आमच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते आणि मी तिथं मराठी शिकवते. कोल्हापूर कुस्तीचं गाव आहे असं बाहेरचे लोक म्हणतात. पेठेतल्या माणसाला विचाराल तर तो फुटबॉल म्हणेल. आमच्याकडे प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. काही तालमींतली लाल माती कधीच उचलली गेली, पण संघ चालू आहे. सामन्याच्या आठवड्यात या पेठेतली सून त्या पेठेतल्या माहेरी फोन करत नाही, असं हे गाव. आणि अशा गावात मुजावर सर सामन्यांचे पंच होते. हौसेनं.

त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच होती. प्रेक्षकांतून आलेला दगड. तो कुणी मारला, असं विचारलं की म्हणत, "कुणी ते कशाला? दोन्ही पेठांनी मारल्यात मला. म्हणजे निर्णय बरोबर असणार की." त्याच दगडांपैकी एकानं एक कान थोडा बहिरा केला होता, आणि तो त्यांना फार उपयोगी पडे. मुख्याध्यापक बोलायला लागले की सर तो कान त्यांच्याकडे करून बसत.

दिसायला काटक, काळे, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा. स्टाफरूममध्ये चहा मागतानासुद्धा तोच आवाज. कॅनव्हासचे बूट दर शनिवारी शाळेच्या खडूनं पांढरे करत. मी एकदा त्यावरून टोकलं तर म्हणाले, "खडू शाळेचा, पण पाय कुणाच्या कामाला घासतोय बाई?" भांडकुदळ होते. ऑफसाइड त्यांना कधी नीट दिसला नाही, असं दोन्ही बाजूंचे जाणकार एकमतानं सांगतात, आणि या गावात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट असेल. चुकले तरी निर्णय फिरवत नसत. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "घरात भाजी खारट झाली तर बोलत न्हाईत. खिशातनं कार्ड काढत्यात."

ते पिवळं कार्ड सदैव खिशात. बैठकीत कुणी लांबण लावली, शिपायानं घंटा उशिरा दिली, पालक शिक्षकांना अरे-तुरे करायला लागला, की सर शांतपणे उभे राहून कार्ड वर धरायचे. मलाही एकदा दाखवलं. एका मुलाबद्दल मी म्हटलं होतं, वाया गेलेला आहे तो. सरांचा हात वर गेला.

"वाया गेलं म्हणायचं न्हाय बाई. वाया घालवलं म्हणायचं. मग कुणी घालवलं ते बघाय लागतंय, म्हणून कुणी म्हणत न्हाय."

मी रागावले होते. चार दिवस बोलले नाही.

मैदानावर भांडण पेटायच्या आधीच सरांना कसं कळतं, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. सामना ते असे मध्येच थांबवायचे की लोक शिव्या द्यायचे, काही झालेलं नसताना शिट्टी का म्हणून. सर म्हणाले, "दिसतंय की. पोरगं बॉलकडं बघायचं सोडतंय आणि माणसाकडं बघाय लागतंय. तवाच शिट्टी मारायची. मारामारी झाल्यावर कोण बी मारतंय."

ओंकारबद्दल ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले ते याच भाषेत.

ओंकार आठवीत आमच्याकडे आला. पायात बॉल असला की बघत राहावं असं पोरगं. आंतरशालेय सामन्यात त्यानं गोल मारला की आमचे मुख्याध्यापक, ज्यांना गोलपोस्ट कुठल्या बाजूचा कुणाचा हे माहीत नव्हतं, तेही टोपी उडवत. वडील जुन्या गाड्यांचा व्यवहार करत आणि तालमीचे उपाध्यक्ष होते. शाळेच्या कमानीवर देणगीदार म्हणून त्यांचं नाव होतं. एकदा जर्सी बदलताना सरांना ओंकारची पाठ दिसली. पट्ट्याचे वळ, काही जुने, काही ताजे, आणि एका ठिकाणी बक्कलचा ठसा.

सर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाप म्हणतोय, मी पण असाच मार खाऊन मोठा झालोय सर, काय वाईट झालं माझं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाय. त्याचं उत्तर समोरच बसलंतं."

पुढचं वर्ष-दोन वर्षं सर त्या मुलाचा पिच्छा पुरवत राहिले. वर्गात तो झोपायला लागला. शाळा सुटताना फाटकाशी मोटरसायकली घेऊन त्याच्यापेक्षा मोठी पोरं उभी राहायला लागली. पूर्वी त्याला कुणी पाडलं तर उठून हसायचा, आता कुणी पडलं की हसायला लागला. मैदानावर येणारं एक कुत्रं होतं, सगळ्यांचं लाडकं, त्यानं त्याला लाथ घातली आणि ते लंगडत गेलेलं बघत उभा राहिला. मोबाइलवर स्टेटसला कोयता घेतलेला हात ठेवला. हात कुणाचा ते दिसत नव्हतं, पण मनगटातलं कडं आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं. सर एकेक गोष्ट स्टाफरूममध्ये आणत आणि आम्ही तिला एकेक वाटेनं बाहेर घालवत असू. वयच तसं आहे. सिनेमाचा परिणाम. सगळीच ठेवतात हल्ली. मुख्याध्यापक म्हणाले, "मुजावर, त्याला खेळू द्या हो. खेळात असली पोरं सुधारतात." सर म्हणाले, "खेळ बदलतोय सर त्याचा. बॉल सोडून माणसाकडं बघाय लागलंय पोरगं." मुख्याध्यापकांनी फाइल उघडली.

आमच्या संघाचा गोलकीपर होता हर्षद. उंच, लाजरा, टेम्पोचालकाचा मुलगा. माझ्या तासाला कविता पाठ म्हणताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, म्हणून मला त्याचे हात कायम आठवतात. दहावीच्या वर्षी एका सामन्यात त्याच्या हातून बॉल निसटला आणि आम्ही हरलो. सामन्यानंतर मैदानामागच्या भिंतीशी ओंकारनं त्याला पट्ट्यानं मारलं. बक्कलच्या बाजूनं. तीन-चार पोरं मोबाइल धरून उभी होती. सरांनी हर्षदला स्कूटरवर मागे बसवलं, त्याचे हात स्वतःच्या पोटाभोवती घट्ट धरायला लावले आणि दवाखान्यात नेलं. कानामागे टाके पडले.

सरांचं मागणं फार नव्हतं. "पोलिसात द्या म्हणत न्हाय मी," असं ते सगळ्यांना सांगत फिरले. "एक वर्ष बाकावर बसवा. खेळू देऊ नका. बापाला बोलवा, आईला बोलवा, पोराला कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरशी बोलू दे. एवढं केलंसा तर वाचतंय पोरगं. दोन्ही पोरं वाचत्यात."

पण पंधरवड्यात तालमीचा मोठा सामना होता आणि तालमीच्या ज्युनिअर संघात ओंकार पुढच्या फळीत होता. बाकावर बसवतात का कुणी?

मग आमच्या पेठेत जे करतात ते केलं. मिटवलं.

बाहेरच्यांना म्हणून सांगते. मिटवणं ही आमच्याकडची फार जुनी आणि सगळ्यांना अभिमान वाटणारी पद्धत आहे. कोर्टकचेरी नको, बदनामी नको. दोन्हीकडच्यांना तालमीत बोलवायचं, तालमीचे अध्यक्ष अण्णा, त्यांनी मध्ये बसायचं, मारणाऱ्यानं मार खाणाऱ्याच्या पाया पडायचं किंवा गळाभेट घ्यायची, मग मटण. तांबडा, पांढरा, सुकं, आणि दोघांनी एका ताटात पहिला घास खायचा. ज्यांच्यात ठिणगी पडली होती ते ताटावर बसले की वाद संपला असं समजायचं. यानं शेकडो भांडणं थांबली असतील, मी नाही म्हणत नाही. पण ती माणसांची भांडणं होती. बांधावरून, पाण्यावरून, मानपानावरून. पोराच्या मनात जे कुजत असतं त्याला ताटात कुठून धरणार?

त्या रविवारी शाळेच्या वतीनं सर आणि मी तिथं होतो. हर्षदच्या कानाला पट्टी. ओंकारनं त्याला मिठी मारली तेव्हा ती पट्टी दुखली असणार, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "पोरं हाईत. आज भांडत्यात, उद्या एकत्र खेळत्यात. काय सर?"

सर भिंतीशी उभे होते. "मला न्हाय पटत अण्णा," ते म्हणाले. "मारल्यावर मटण मिळतंय, एवढंच शिकलं आज हे पोरगं."

ओंकारचे वडील पानावरून उठले. "सर, तुमच्यात काय करत्यात ते तुमी बघा. आमचं आमी बघतो."

तुमच्यात. ज्या माणसाचे आजोबा त्याच तालमीच्या आखाड्यात घुमले होते, ज्याच्या घरच्या मोहरमच्या पंजाला सगळी पेठ नारळ फोडते आणि ज्यानं तालमीच्या गणपतीची मिरवणूक जन्मभर शिट्टी मारत सांभाळली, त्याला. अण्णांनी मान खाली घातली, पण तीही ताटाकडे. सर न जेवता निघाले. दारात हर्षदच्या वडिलांनी त्यांचा हात धरला. "सर, राग मानू नका. टेम्पो ह्याच चौकात लावाय लागतोय मला."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "बाई, काल मला लाल कार्ड दाखवलं." आणि हसले. मला ते हसणं अजून नकोसं होतं.

ओंकारनं त्या सामन्यात गोल मारला, हे सांगायला नकोच.

त्याला अठरा पूर्ण झाली तेव्हा चौकात मोठं डिजिटल लागलं. मोटरसायकलवर बसलेला ओंकार, गॉगल, मागे वाघ, बाजूला बॉल. खाली शुभेच्छुकांच्या ओळी. अण्णा, वडील, नगरसेवक, आमचे मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या ओळीत मुजावर सर. शाळेच्या वार्षिक अंकातून त्यांचा चेहरा उचलला होता. विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आमच्याकडे शुभेच्छा गृहीत धरतात. आदल्या संध्याकाळी त्याच चौकात तलवारीनं केक कापला गेला होता आणि त्या केकचा घास अण्णांनी भरवला होता.

शाळा सुटल्यावर सर खेळाच्या खोलीतलं लाकडी स्टूल काखेत मारून चौकात आले. खिशात दाढीचं ब्लेड. स्टुलावर चढले आणि भर गर्दीत स्वतःचा चेहरा कापायला लागले. पोरं ओरडायला लागली. "ओ सर, काय कराय लागलायसा!" "डिजिटल फाडालंय म्हातारं!" कुणीतरी पुढे धावलं. तेवढ्यात ओंकार स्वतः मोटरसायकलवरून उतरला. मला वाटलं, आता संपलं. त्यानं पुढच्या पोराला मागे ढकललं आणि डुगडुगणारं स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"सर, सावकाश. पडशीला."

सर कापून खाली उतरले. स्वतःचा चेहरा घडी करून खिशात घातला, कार्डाच्या शेजारी. "माझ्या शुभेच्छा हाईत तुला," ते म्हणाले. "पर त्या तलवारीला न्हाईत. अजून बी ऐक. एक वर्ष बाकावर बस. मी बसतो तुझ्याबरोबर."

ओंकार खाली बघत होता. क्षणभर तो आठवीतला वाटला. मग मागून कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी 'दादा' म्हणून हाक मारली, आणि त्यानं गॉगल लावला. "बघतो सर," म्हणाला आणि गेला.

तो फ्लेक्स भोकासकट तसाच राहिला, कुणी उतरवला नाही. सर रोज त्याखालून जायचे आणि वर बघायचे नाहीत.

हर्षदचं कुटुंब दरम्यान मामाच्या पेठेत राहायला गेलं होतं आणि तो तिथल्या संघात कीपर झाला होता. पुढच्या हंगामात दोन्ही संघ समोरासमोर आले. ओंकारची पेनल्टी हर्षदनं अडवली. फुटबॉलमध्ये असं होतं. पण त्याचं रील झालं. मागे खिल्ली उडवणारी गाणी, ओंकारचं तोंड मोठं करून पुन्हा पुन्हा. सामना संपून लोक मैदानाबाहेर पडेपर्यंत ते गावभर गेलं होतं.

मैदानाबाहेर, गाड्या लावतात तिथं, ओंकार कोयता घेऊन आला. हर्षद सायकलचं कुलूप काढत होता. त्यानं वर पाहिलं आणि उजवा हात पुढे केला. कीपरचा हात, तो आपोआप वर जातो. अंगठा आणि त्याशेजारचं एक बोट राहिलं.

सर नुकतेच सामना संपवून पंचाच्या काळ्या पोशाखात बाहेर येत होते. त्यांनी ते पाहिलं. धावायला अंतर फार होतं. त्यांनी शिट्टी मारली, जोरात, लांब, फाऊलला मारतात तशी. आणि ओंकार थांबला. उचललेला हात तसाच वर राहिला. आठवीपासून त्या शिट्टीला थांबायची सवय त्या शरीराला होती, ती अजून मेली नव्हती. तेवढ्यात लोक पोचले. दुसरा घाव बसला असता तर हर्षद आज नसता, असं डॉक्टर म्हणाले.

सर मला म्हणाले, "ऐकत हुतं बाई पोरगं. अजून ऐकत हुतं. आमी कुणी वेळेवर मारलीच न्हाय." इतकं बोलून ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले, मोठ्या आवाजात, कारण बारीक आवाज त्यांना नव्हताच.

त्या संध्याकाळी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे सगळे शुभेच्छुक तो उतरवायला धावले. फार घाईनं उतरवला. वडिलांनी सांगून टाकलं की मला पोरगं नाही. तालमीनं त्याचं नाव संघातून काढलं, जे तिला आधी एकदा काढायला सांगितलं होतं. कळंब्याच्या जेलमध्ये त्याला भेटायला त्याची आई तेवढी जायची, आणि तिला न्यायला पेठेतलं कुणी मिळेना. तिला सर न्यायचे. स्कूटरवरून. ती आत जायची आणि सर बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचे, कारण ते साक्षीदार होते आणि त्यांनी भेटणं बरं नव्हतं.

ती वाटेत रडायची. "सर, तुमी साक्ष देऊ नका. पाया पडते."

"साक्ष देणार मी वैनी," सर म्हणायचे. "तुमी नीट बसा. पदर आत घ्या, चाकात जाईल."

ती त्यांना शिव्याही देई, आणि पुढच्या खेपेला त्यांच्याच दारात येऊन उभी राही. एकदा मी सरांना विचारलं की हे कसं जमतं तुम्हाला. म्हणाले, "माझंच पोरगं हाय ते. साक्ष बी त्याच्यासाठीच हाय. एकदा तरी कुणीतरी त्याला सांगाय नको, की लेका, तू हे केलंस म्हणून?"

खटला उभा राहिला तोवर पेठेनं श्वास घेतला होता. धक्का ओसरला की आमची माणसं पुन्हा मोठ्या मनाची होतात. अण्णा हर्षदच्या घरी गेले. एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण कोर्टात हर्षदचे वडील म्हणाले की मला काही माहिती नाही. हर्षद उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून, माझ्या तासाला उभा राहायचा तसा. म्हणाला, गर्दी होती, कुणी मारलं ते ओळखलं नाही.

एकटे सर उरले. त्यांनी पाहिलं ते सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले आणि त्यांनी विचारलं, या मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तुम्ही भर चौकात ब्लेडनं फाडला होता, हे खरं आहे का? सर म्हणाले, "माझा चेहरा कापला मी." वकील म्हणाले, म्हणजे ब्लेड चालवलंत. म्हणजे राग होता. ज्याला मारलं तो नाही म्हणतो आणि ज्याच्या मनात राग आहे तो हो म्हणतो, हे कोर्टानं लक्षात घ्यावं.

ओंकार सुटला.

मी तेव्हा सरांजवळच बसले होते. ते आरोपीच्या जागेकडे बघत होते. ओंकार त्यांच्याकडे बघत नव्हता. तो हर्षदकडे बघत होता. सर माझ्या कानाशी, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात हळू आवाजात म्हणाले, "बघा. माणसाकडंच बघतोय अजून."

पुन्हा मटण झालं असेल. मला बोलावलं नाही.

आठवडाभरात चौकात नवं डिजिटल. 'वाघ परत आला'. तोच गॉगल, वाघ मात्र आता दोन. खाली शुभेच्छुक. अण्णा. वडील, ज्यांना मध्यंतरी पोरगं नव्हतं. आमच्या शाळेचे नवे मुख्याध्यापक, कारण कमान अजून तिथंच आहे. आणि शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, हर्षद. संघाच्या जुन्या फोटोतून उचललेला. कीपरचे हातमोजे घातलेला. मिटल्याचा पुरावा म्हणून लावला असणार. अशी निर्लज्ज गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण लावणाऱ्यांना ती मनापासून चांगली वाटली असणार, याची मला खात्री आहे. तेच जास्त भयंकर आहे.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. गुडघे गेले होते. मी बाजारातून येत होते तर चौकात गर्दी, आणि मध्ये सर, काखेत तेच स्टूल. शाळेतून मागून आणलं होतं. त्यांनी ते फ्लेक्सखाली मांडलं, एक पाय वर ठेवला आणि दुसरा त्यांना उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. लोक बघत होते. या खेपेला धरायला कुणी आलं नाही.

मग गर्दीतून हर्षद आला. उजवा हात खिशात.

"उतरा सर. माझं त्वांड हाय. मी कापतो."

"जमंल?"

"डाव्यानं."

सर उतरले. त्यांनी ब्लेड त्याच्या हातात दिलं आणि वाकून स्टुलाचे पाय घट्ट धरले. हर्षदला फार वेळ लागला. डावा हात अजून शिकत होता. ब्लेड घसरायचं, कड भलतीकडे जायची, शेजारच्या अण्णांचा अर्धा कान त्यात गेला. "अण्णांचा कान गेला सर," तो वरून म्हणाला. सर खालून म्हणाले, "जाऊ दे. वापरत न्हवतं."

कुणी अडवलं नाही आणि कुणी हसलंही नाही. कापून झाल्यावर हर्षदनं तो तुकडा सरांना दिला. सरांनी तो खिशात घातला. मग स्टुलाचा एक पाय सरांनी धरला, एक हर्षदनं डाव्या हातानं, आणि दोघं शाळेच्या दिशेनं चालत गेले. सर लंगडत होते, त्यामुळे स्टूल त्यांच्यामध्ये झोके खात होतं. मी सरांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या महिन्यात ते झोपेतच गेले.

आणि आता त्यांचा फ्लेक्स. शोकाकुलांच्या ओळीत सगळ्यात मोठा चेहरा ओंकारचा. दफनालाही तो आला होता, लांब झाडाखाली उभा होता, गॉगल काढून. माती देऊन झाल्यावर कुणीतरी 'दादा, चला' म्हणालं आणि तो गेला. त्याच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला कळलं असतं तर बरं झालं असतं. विचारणारा एकच माणूस होता आणि तो मातीखाली होता.

काल सकाळी शाळेला जाताना चौकात वर बघितलं. श्रद्धांजली होती, समई होती, शोकाकुल मंडळी जागच्या जागी होती. मधले सर नव्हते. तिथं भोक होतं आणि त्यातून मागच्या दुकानाचं शटर दिसत होतं. भोकाची कड वेडीवाकडी होती.

खाली रस्त्याच्या कडेला स्टूल पडलं होतं. पोरं त्याच्याभोवती मोबाइल काढून उभी होती. मी ते उचललं, काखेत मारलं आणि शाळेत नेलं. खेळाच्या खोलीत नाही ठेवलं. स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीशेजारी ठेवलंय. लागेल.